कुंभार पिंपळगावचे जाते आणि विद्यापीठाचा स्टुडिओ

जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, कुंभार पिंपळगाव म्हणून एक मोठे बाजाराचे गाव आहे. महाराष्ट्रात पिंपळगावे इतकी आहेत की, प्रत्येकास काही तरी उपपद लावल्यावाचून टपालही मुक्कामी पोहोचावयाचे नाही. या पिंपळगावच्या वाट्यास कुंभारांचे उपपद आले व तेच सर्वतोमुखी झाले. गावाच्या दक्षिणेस काही अंतरावर गोदावरी वाहते. तीच जिल्ह्याची सीमा. पैलतीरी बीड जिल्हा लागतो. जमीन काळी, कसदार आणि पावसाळ्यात पाहुण्याचे जोडे ठेवून घेणारी. पूर्वी येथे जोंधळा आणि कापूस हीच पिके नजरेत भरत. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा या बाजूस आल्यापासून उसाचे मळे दिसू लागले. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, आणि जालना हा स्वतंत्र जिल्हा तर १ मे १९८१ रोजी झाला, इतका इतिहास प्रवाशास पुरे.

परगावचा मनुष्य या वाटेस लागतो तो बहुधा जांबेस जाण्यासाठी. समर्थ रामदासांचे जन्मग्राम जांब येथून जवळच आहे. मंडळी तेथे दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि कुंभार पिंपळगावी चहापुरती थांबून पुढे जातात. आमचे येथे जाणे-येणे मात्र नात्याचे आहे. आमच्या आत्याबाई १९५६ साली या गावी नांदावयास आल्या व आज वयाची पंच्याऐंशी वर्षे ओलांडून येथेच, थोरल्या मुलाजवळ, सुखाने राहात आहेत. दृष्टी मंद झाली आहे, कान मात्र तिखट आहेत. माजघरात बसून अंगणात कोण आले हे त्या पावलांवरून सांगतात.

आत्याबाईंस जात्यावरील ओव्या येतात. किती येतात, हे त्यांस विचारून उपयोग नाही. ‘जात्याशी बसल्यावाचून आठवत नाहीत,’ असे त्या म्हणतात, आणि आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे की यात विनयाचा भाग मुळीच नाही. पाटावर बसवून, हाती कागद घेऊन विचारले तर चार-दोन निघतात व पुढे सर्व पुसून जाते. तोच खुंट्यास हात लागला की एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी ओवी सुटत जाते. गावात पिठाची गिरणी येऊन किती तरी वर्षे लोटली. जाते मागील पडवीत हळद आणि मेतकूट यांपुरते राहिले. गेल्या दिवाळीस सर्वजण जमले असता आमच्या कन्येने प्रश्न काढला की, आजीच्या ओव्या आजीच्याच आवाजात ठेवावयाच्या की नाही? ती एका विद्यापीठात संगीताचे शिक्षण घेते. तेथील ध्वनिमुद्रणगृह, ज्यास सर्वजण स्टुडिओच म्हणतात, विद्यार्थ्यांस पाळीपाळीने वापरावयास मिळते. मोबाइलवर ध्वनिमुद्रण तर घरातील पोरेही करतात. परंतु ते तिच्या मनास येईना. ‘मोबाइल स्वतःच्या अकलेने आवाज लहानमोठा करतो, आजी हळू म्हणते तेथे हळूच राहिले पाहिजे,’ असे तिचे म्हणणे होते.

येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. गाणाराचा आवाज यंत्रात धरून ठेवण्याचा उद्योग आपल्या देशात मुख्यतः व्यापाऱ्यांनी वाढविला. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे घेतले, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. तबकडीच्या बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे बसत, आणि कंपनी खपेल तेच घेई. यात तिचा दोष काढण्याचे कारण नाही. पहाटे चार वाजता दळणाऱ्या बाईचे गाणे विकत घेणार कोण? घरोघर ते फुकटच ऐकू येत होते! याच सुमारास युरोपात मात्र निराळाच उपक्रम चालू झाला होता. व्हिएन्ना येथे १८९९ साली विद्वानांनी ध्वनिसंग्रह स्थापन केला; पुढच्याच वर्षी बर्लिन विद्यापीठातील मानसशास्त्राचे अध्यापक कार्ल श्टुम्फ यांनी त्या शहरी आलेल्या सयामी नाटकमंडळीचे वादन मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतले. हे नळकांडे विकावयाचे नव्हते. ज्यास अभ्यास करावयाचा त्याने येऊन ऐकावे, एवढाच हेतू. विद्यापीठाचे यंत्र हे कोणा एकाच्या मालकीचे नसून पाळीने सर्वांचे, ही कल्पना याच जातीची आहे.

आपल्याकडे विद्यापीठांत संगीताने पाऊल टाकले ते बरेच उशिरा. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक डॉ. अशोक रानडे यांनी रागदारीच्या जोडीने लोकसंगीताचाही शास्त्रीय विचार केला व ‘लोकसंगीतशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७ साली निघाले. ओव्यांपुरते बोलावयाचे तर साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये त्या मोठ्या प्रेमाने गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे पुस्तकामागून पुस्तके काढली, परंतु कागदावर शब्द येतात, सूर येत नाही. ही उणीव पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेने भरून काढली. मूळचे फ्रान्सचे परंतु येथलेच झालेले गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी कार्यकर्त्यांकरवी १,००,००० हून अधिक ओव्या लिहवून घेतल्या. त्या सांगणाऱ्या बाया ३,००० च्या वर आणि गावे १,००० च्या वर आहेत. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील कित्येकींचे ध्वनिमुद्रणही झाले, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संग्रहाने त्या ओव्या सर्वांस खुल्या केल्या. कुंभार पिंपळगावहून गोदावरी ओलांडली की माजलगाव; तेथील भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या या मंडळींनी १९९६ साली टिपून घेतल्या. आमच्या आत्याबाई जेथे दळत होत्या तेथून हे गाव एका दिवसात जाऊन येण्याच्या पल्ल्यात आहे; तथापि तेथली ओवी येथे आम्ही कधी ऐकली नव्हती. ती प्रथम ऐकली ती या संग्रहातच.

असो. माघातल्या एका सकाळी आत्याबाई, आमचे आतेबंधू, आम्ही व जाते अशी चौघे मोटारीने निघालो. जाते हा प्रवासी सर्वांत जड. त्याच्या दोन्ही तळ्या वेगळ्या करून गोणपाटात बांधाव्या लागल्या, आणि खुंटा आत्याबाईंनी स्वतःच्या मांडीवर घेतला. वाटेत अंबड लागते. मत्स्याच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचे देऊळ दुरूनच दिसते. आत्याबाईंनी गाडीतूनच हात जोडले. अंबडचा दत्तजयंतीचा संगीतोत्सव मराठवाड्यातील रसिकांस परिचित आहे. आतेबंधू म्हणाले, ‘आई, इथं गाणं ऐकायला येत होतो आपण.’ त्यावर, ‘मी कुठली येते? पाहुण्यांचा स्वैपाक कोण करील?’ एवढेच उत्तर मिळाले.

त्या विद्यापीठाचे नाव सांगण्यात स्वारस्य नाही. स्टुडिओ मात्र वर्णन करण्याजोगा आहे. दोन खोल्या, मध्ये दुहेरी जाड काच. एकीत गाणाराने बसावयाचे, दुसरीत यंत्रे आणि ती चालविणारा. गाण्याच्या खोलीस भिंतीभर मऊ आच्छादन, दारास रबराची किनार. दार लोटले की बाहेरचे जग जणू विझते. बाहेर भिंतीवर वही टांगलेली. तीत आपले नाव, पाळीची वेळ व प्रयोजन लिहावयाचे. आमच्या आधी तबल्याचे विद्यार्थी होते, आमच्या नंतर गझल गाणारी मंडळी. मधले तीन तास आमचे. भिंतीवर नियम डकविले आहेत. तारा गुंडाळून खुंटीस लावाव्यात. मायक्रोफोन पेटीत ठेवावेत. आवाजाच्या सर्व कळा शून्यावर आणून जावे. आपले ध्वनिमुद्रण आपल्या डिस्कवर उतरवून घ्यावे, कारण तेथील संगणक आठवड्याने पुसला जातो. खाद्यपेय आत नेऊ नये. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मनुष्यास यांतील एकही नियम नवा वाटावयाचा नाही. आपल्यामागून चुलीशी दुसरी जाऊ येणार आहे हे ध्यानी ठेवून ओटा पुसून ठेवणे, यापलीकडे त्यांत काय आहे? तथापि सर्वच तेथे एकत्र कुटुंबातून येत नाहीत, हे गुंतलेल्या तारांवरून दिसत होते. त्या सोडविण्यात आमच्या पाळीची पंधरा मिनिटे गेली.

आत्याबाईंस आत नेऊन बसविले. कन्येने मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर लावला व काचेपलीकडून खूण केली. आत्याबाईंनी घसा साफ केला, दोन शब्द उच्चारले आणि थांबल्या. पुन्हा आरंभ केला, पुन्हा थांबल्या.

‘बाळ, इथं आवाज परतून येईना,’ त्या म्हणाल्या. ‘कापसाच्या ढिगात तोंड घालून बोलल्यासारखं होतंय.’

हे त्यांनी ज्या नेमकेपणाने सांगितले, तसे आम्हांस एखाद्या ग्रंथातही वाचावयास मिळाले नव्हते. पडवीस भिंती असतात, वर पत्रा किंवा माळवद असते. गाणारीचा सूर तेथे आपटून क्षणार्धात तिच्या कानी परत येतो आणि तिला धीर देतो. स्टुडिओ हा धीर मुद्दाम काढून घेतो, म्हणजे मुद्रित आवाजावर खोलीची छाया पडू नये. सरावलेल्या गायकास त्यासाठी कानास लावावयाचे यंत्र देतात व त्याचाच आवाज त्यास ऐकवितात. आत्याबाईंस ते लावून पाहिले. त्यांनी ते तत्काळ काढले व म्हणाल्या, ‘ही कोण बाई?’

तेव्हा जाते आत आणले. खाली सतरंजीची चौघडी, तीवर गोणपाट, तीवर तळी. नाहीतर दगडाची घरघर जमिनीतून मायक्रोफोनच्या खांबात शिरते. खुंटा ठोकून झाला आणि आत्याबाईंनी हात पुढे केला: ‘जोंधळे?’ रिकामे जाते फिरविणे त्यांस साफ नामंजूर होते. दगडावर दगड घासला की टाकी जाते, आणि रिकाम्या जात्यावर म्हटलेली ओवी खरी नव्हे, अशी दोन कारणे त्यांनी सांगितली. त्यांतले पहिले तरी कोणासही पटण्यासारखे होते. जोंधळे त्यांनी स्वतःच पिशवीत आणले होते. आता खाद्यपेयाच्या नियमाचे काय? तेथील देखरेख करणारा विद्यार्थी मोठ्या विचारात पडला. पीठ यंत्रात शिरले तर नुकसान खरेच मोठे. परंतु यंत्रे काचेपलीकडे होती, आत केवळ दोन मायक्रोफोन. शेवटी सभोवती चादर अंथरून, मायक्रोफोनांस कापडी टोपी घालून, ‘जोंधळे हे वाद्याचा भाग समजावे’ असा निवाडा त्याने दिला. हा मुलगा पुढेमागे न्यायखात्यात गेला तर लोकांचे कल्याण होईल.

एक अडचण राहिली. जाते दोघींनी समोरासमोर बसून ओढावयाचे असते. यंत्राशी बसलेली आमची कन्या उठली, त्या विद्यार्थ्याच्या हाती कळा देऊन आत आली व खुंट्यास दुसरा हात लावून बसली. चार-सहा फेरे नुसतेच झाले. मग आत्याबाईंनी मूठभर जोंधळे तोंडी घातले आणि ओवी सुटली.

एक मायक्रोफोन त्यांच्या मुखाशी व दुसरा जात्याच्या अंगास, अशी दोन्हींची निरनिराळी पट्टी घेतली होती. विद्यार्थी जात्याचा खर्ज आवाज गाळून टाकावा या मताचा होता. त्यासाठी कळ असते. कन्येने आधीच बजावून ठेवले होते की, घेताना काही गाळू नको; मागाहून गाळता येते, मागाहून परत आणता मात्र येत नाही. ऐकताना तिचे म्हणणे खरे वाटले. फेरा भरताना, म्हणजे खुंटा दूर जाताना, आत्याबाईंचा सूर किंचित ताणला जाई आणि खुंटा जवळ येताना ओसरे. जाते वगळून नुसता आवाज ऐकला तेव्हा त्या हेलकाव्याचे कारणच कळेना. म्हातारपणाचा कंप असेल असे वाटावे. पाऊण तासात एकूण त्रेचाळीस ओव्या झाल्या. भावाच्या, पंढरीच्या, लेकीच्या, पावसाच्या; काही अशा की, घरातील पुरुषमाणसांनी त्या पूर्वी कधी ऐकल्या नव्हत्या. सासरच्या वागणुकीविषयीची एक ऐकून आमचे आतेबंधू काचेअलीकडे मान खाली घालून बसले.

स्टुडिओतून ध्वनिमुद्रण बाहेर न्यावयाचे तर एक तक्ता भरून द्यावा लागतो, म्हणजे त्याची एक प्रत विद्यापीठाच्या संग्रहात राहते. गाणाराचे नाव, गाव, दिनांक. हे सर्व भराभर झाले. पुढचे सदर होते: ‘रचना कोणाची’. येथे गाडे अडले. आतेबंधू म्हणाले, आईच्या नावापुढे आमच्या घराण्याचे नाव लिहा. या ओव्या आमच्या वाड्यातल्या आहेत. कायदा पाहिला तर जिचा कर्ता कोणासच ठाऊक नाही अशा परंपरागत ओवीवर कोणाची मालकी सांगता येत नाही. गाणाराचा हक्क मात्र १९५७ च्या कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने मान्य झाला आहे, व आज तो पन्नास वर्षांचा आहे. तेव्हा आत्याबाईंचे नाव गाणारी म्हणून लागले होते तेवढे पुरे होते. ते सदर रिकामे ठेवले असते तरी चालते.

आत्याबाई हात धुऊन आल्या होत्या. त्यांनी प्रश्न समजावून घेतला आणि एक नाव सांगितले. ते आम्ही कोणी ऐकले नव्हते. आतेबंधूंनी ऐकले होते, परंतु ते येथे निघेल असे त्यांस वाटले नव्हते. मळ्यावरील गड्याची ती बायको; १९५६ पासून पुढे चौदा वर्षे वाड्यात दळावयास येत असे. मागील पडवीपर्यंत तिची वाट, त्याच्या आत नाही. नव्या सुनेस दळण शिकवावयाचे म्हणून सासूने आत्याबाईंस तिच्यासमोर बसविले. ‘त्रेचाळिसातल्या सव्वीस तिच्या,’ आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी बोटे मोजली नव्हती. गाताना मोजीत होत्या की काय कोण जाणे. ‘उरल्या त्या सासूबाईंच्या. त्यांनाही त्या कुठून आल्या ते देवाला ठाऊक. पण ह्या सव्वीस मी तिच्या तोंडून घेतल्यात.’

आतेबंधू म्हणाले, ‘आई, आता ते कशाला? ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली.’

‘म्हणून तर,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘दळणाचे पायलीमागं पैसे दिले तिला. ओव्यांचे कुठं दिले?’

सदरात ते नाव लिहिले गेले. येथे आम्ही ते छापीत नाही, कारण तिच्या घरच्या माणसांनी संग्रहापुरती संमती दिली आहे, मासिकापुरती आम्ही मागितलेली नाही. ती संमतीही लगेच मिळाली नाही. गावी परतल्यावर आठ दिवसांनी कन्या व आतेबंधू तिच्या मुलीकडे गेले. ती बाई आता सत्तरीच्या घरात आहे व गावातच राहते. आतेबंधू जावयास नाखूष होते, पण गेले, आणि ओट्यावर बसून चहा घेतला, हे येथे नमूद केले पाहिजे. ध्वनिमुद्रण ऐकविले. ती प्रथम काहीच बोलली नाही. मग तिसऱ्या की चौथ्या ओवीस तिने हात वर करून थांबविले: ‘माय असं म्हणत नव्हती. मालकीणबाईंनी शब्द बदललाय.’ बदललेला शब्द एकच होता. मूळचा शब्द वाड्यात उच्चारण्याजोगा नव्हता, हे ऐकताच कळले. आत्याबाईंस हे येऊन सांगितले तेव्हा त्या मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, ‘सासूबाई पलीकडं बसायच्या ना!’

तेव्हा मूळ शब्दासह त्या ओव्या घ्यावयाच्या असे ठरले. मुलगी शहरात येण्यास तयार होईना. तिच्या मागे म्हशी होत्या, आणि ‘काचेच्या खोलीत’ बसण्याची गोष्ट तिने आत्याबाईंकडून साग्रसंगीत ऐकली होती. विद्यापीठात हातात मावेल असे ध्वनिमुद्रणयंत्रही असते व तेही वहीत सही करून दोन दिवस नेता येते, हे कन्येस तेव्हा कळले. शनिवारी ते यंत्र कुंभार पिंपळगावी आले. त्या घरी जाते नव्हते. वाड्यातले जाते हातगाडीवरून तिच्या अंगणात नेले. समोर खुंट्यास हात लावावयास आत्याबाई स्वतः गेल्या. रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर जात, तेवढा वेळ थांबावे लागे. मधून मधून म्हैस ओरडे. यंत्रात तेही सर्व आले आहे व ते तसेच ठेवले आहे.

नवा तक्ता भरताना त्याच सदराशी सर्वजण पुन्हा थांबले. मुलीने आईचे नाव सांगितले. आणि आईस या ओव्या कोणाकडून आल्या असे विचारता, थोडा विचार करून, आईच्या माहेरचे गाव सांगितले. ते गोदेच्या पलीकडे आहे. तेथे त्या घराण्यातील कोणी आहे काय, याची चौकशी आतेबंधूंनी आपल्याकडे घेतली आहे. यंत्र सोमवारी दुपारी बारापर्यंत परत द्यावयाचे होते. कन्येने ते साडेअकरास जमा केले, आणि वहीत पुढच्या महिन्यातील एका शनिवारासमोर पुन्हा आपले नाव लिहून ठेवले.